भाकरी न सोडता वजन कसं कमी करायचं: मराठवाड्यातल्या घरासाठी सविस्तर माहिती

वजन कमी करायचं ठरलं की आपल्याकडं लोक पहिलं काम काय करतात तर भाकरी बंद करतात, आणि ओट्स, ब्राऊन ब्रेड, ग्रीन टी असलं काहीतरी ऑनलाईन मागवतात, आठ-पंधरा दिवस खातात, मग नात्यात कुणाचं तरी लग्न निघतं आणि सगळं जिथल्या तिथं. मी लातूरची, घरातला स्वयंपाक माझ्याच हातात आहे आणि कॉलनीतल्या बायकांसोबत रोज चालायला जाते, त्यामुळं हे सगळं लई जवळून बघितलंय. माझं स्पष्ट मत आहे की मराठवाड्यातल्या माणसाला वजन कमी करायला बाहेरचा एकही पदार्थ लागत नाही. आपलं जेवण वाईट नाहीच, ते राबणाऱ्या माणसाचं जेवण आहे. आजी दिवसभर खुरपायला जायची, आजोबा औतामागं चालायचे, पाणी विहिरीवरून यायचं, दळण जात्यावर व्हायचं, मग त्यांना तीन भाकरी आणि तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी लागायचीच ना. आता आपण दुकानात, शाळेत, ऑफिसात बसतो, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पण मोटारसायकलवर जातो, पण ताट तेच राहिलं, उलट त्यात तेल, साखर आणि फरसाण वाढलं. म्हणून खाली जे सांगतेय ते त्याच ताटाची दुरुस्ती आणि गेलेले कष्ट थोडे तरी परत आणायचे कसे याबद्दल आहे. सगळं एकदम सुरू करू नका, एकेक पायरी दोन-दोन आठवडे पक्की करा आणि मगच पुढची घ्या.

आधी मोजून घ्या, आणि डॉक्टरांना विचारा

घरी साधा वजनकाटा आणि शिवणकामाची टेप एवढंच पाहिजे. आपल्या भारतीय लोकांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. म्हणजे उंची १६५ सेंटिमीटर असेल तर साधारण ६३ किलोच्या वर जास्त आणि ६८ च्या वर लठ्ठपणा. पण मला विचाराल तर वजनापेक्षा कंबर जास्त खरं सांगते. बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर असेल तर पोटातली चरबी वाढलीय असं समजा, मग काट्यावर आकडा कितीही का येईना. हातपाय बारीक आणि पोट पुढं, अशी माणसं आपल्याकडं घरोघरी आहेत आणि शुगर नेमकी त्यांनाच धरते.

वजन आठवड्यातून एकदाच करा, वार ठरवून, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. रोज काट्यावर चढू नका, कारण खारट खाल्लं, पाळी जवळ आली, रात्री उशिरा जेवलं तरी एक-दीड किलो इकडंतिकडं होतं, ते सगळं पाणी असतं आणि माणूस उगाच नाराज होतो.

ज्यांना शुगर आहे आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू आहे त्यांनी डॉक्टरांना न सांगता जेवण कमी करायचं नाही, व्यायाम पण एकदम वाढवायचा नाही, कारण औषध तेवढंच आणि खाणं कमी झालं की शुगर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बडबडायला लागतो. बीपीच्या गोळ्यावाल्यांनी पण वजन उतरायला लागलं की तपासून घ्यायचं. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि वाढीच्या वयातली लेकरं यांनी हे डाएट-बिएट करूच नये. आणि कारण नसताना वजन वाढतंय, केस गळतायत, पाळी मागंपुढं होतेय असं असेल तर पहिले थायरॉईडची रक्ततपासणी करा.

किती उतरवायचं? आठवड्याला अर्धा किलो, फार फार तर एक. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, म्हणून रोज ५०० कॅलरी कमी पडल्या तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतं. महिन्यात दहा किलो म्हणणाऱ्या पावडरी, चहा, घाम काढणारे पट्टे यांच्या नादी लागू नका माय, पट्ट्यानं घाम जातो, चरबी नाही, आणि पाणी प्यालं की ते वजन परत येतं. ८० किलोच्या माणसाचे ४ ते ८ किलो जरी उतरले तरी शुगर, बीपी, गुडघे यांच्यात फरक दिसतो, त्यामुळं पहिलं टार्गेट तेवढंच ठेवा.

पहिली पायरी: चहा

ही सगळ्यात सोपी आहे म्हणून आधी. आपल्याकडं चहा म्हणजे पाकच. घरी दोनदा, दुकानात दोनदा, कुणाकडं गेलं की एक, असे पाच कप होतात, आणि कपाला दोन चमचे धरले तर ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी, त्यात दूध वेगळं आणि सोबत खारी-बिस्किट वेगळं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर चांगलं.

चहा एकदम सोडायला लावलं तर डोकं दुखतं आणि चौथ्या दिवशी माणूस परत सुरू करतो. त्यापेक्षा दोन कप ठेवा, सकाळचा आणि चारचा, आणि साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत न्या. महिन्याभरात जीभ बदलते, नंतर जुना चहा तोंडात धरवत नाही. गुळाचा चहा म्हणजे वजन कमी करायचा चहा अशी लई जणांची समजूत आहे, पण गुळात आणि साखरेत कॅलरी जवळपास सारख्याच असतात, तेव्हा गूळ घातला तरी मोजूनच घाला. लोकांच्या घरी गेलं आणि नाही म्हणवत नसेल तर "बिनसाखरेचा द्या" म्हणायचं, हल्ली शुगरमुळं कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. कोल्ड्रिंक आणि उसाचा रस यांचं पण तेच, रस घरचा असो का रसवंतीचा, ती पातळ साखरच आहे. सकाळचं लिंबू-मधाचं कोमट पाणी आवडत असेल तर प्या, पण त्यानं चरबी वितळत नाही, आणि चमचाभर मध म्हणजे परत साखरच.

दुसरी पायरी: तेलाचा डबा

या एका गोष्टीवर घरातल्या सगळ्यांचं वजन अवलंबून आहे असं मी म्हणेन. तुमच्या घरी १५ किलोचा डबा किती दिवस जातो ते बघा. चार माणसांत तो दोन महिन्यांत संपत असेल तर हिशोब करा, माणशी रोज ६० ग्रॅमच्या वर तेल जातंय, म्हणजे नुसत्या तेलातून साडेपाचशे कॅलरी. माणशी २० ते २५ ग्रॅम पुरतं, म्हणजे चार माणसांना महिन्याला अडीच-तीन लिटर. यातला फरक बघा, रोजच्या तीनशे-साडेतीनशे कॅलरी, ते पण कुणाच्या पोटाला उपाशी न ठेवता. एवढ्या कॅलरी चालून घालवायच्या म्हटलं तर तासभराच्या वर झपाझप चालावं लागतं.

करायचं असं की महिन्याच्या एक तारखेला तीन लिटरच्या बाटल्या भरून वेगळ्या ठेवायच्या आणि डबा वर माळ्यावर. हेच महिन्याचं तेल. पळी फोडणीतून हद्दपार, चमचाच वापरायचा. पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच बाटल्या संपतील, संपू द्या, पण कळेल तरी. भाजीला चार माणसांत तीन चमचे तेल पुरतं, कढई जाड बुडाची घ्या, कांदा चिकटायला लागला की तेल न ओतता पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवा. पापड तळायच्या ऐवजी भाजा. कालवणावर तर्री आलीच पाहिजे असा हट्ट घरातल्या पुरुषांचा असतो, त्यांना चार दिवस कुरकुर करू द्या, मसाला नीट भाजला आणि येसर (कालवणात घालायचा घरचा भाजलेला मसाला) चांगलं असलं की चवीत फरक पडत नाही. अंबाडीच्या भाजीवर, पिठल्यावर लसणाची फोडणी वरून घेतोच आपण, ती घ्या पण सगळ्यांच्या ताटात मिळून एक छोटी वाटी, माणशी पळी नाही.

कोणतं तेल चांगलं हा प्रश्न मला सारखा विचारतात. करडईचं, सोयाबीनचं, शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, वजनाच्या हिशोबानं सगळी सारखीच, ग्रॅमला ९ कॅलरी. घाण्याचं असलं म्हणून जास्त चालतं असं काही नाही. आणि तूप भाकरीवर चमचाभर घेतलं तर घ्या, पण तेवढं तेल भाजीतून काढा.

शेंगदाणा हा आपला जीव की प्राण आहे, चटणीत, कुटात, उसळीत, भाजीत सगळीकडं. वाईट नाही, त्यात प्रोटीन आहे, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत आणि त्यावर आपण परत तेल ओततो. चटणी एक मोठा चमचा, वरून तेल नाही, कोरडी वाटली तर दह्यात कालवा. येता-जाता डब्यातले शेंगदाणे तोंडात टाकायची सवय मात्र बंद, ते कुणीच मोजत नाही.

तिसरी पायरी: भाकरी आणि ताटाची मांडणी

आता भाकरी. ज्वारीची भाकरी खाल्ली की वजन कमी होतं असं म्हणणारे पण आहेत आणि भाकरीनंच वजन वाढतं म्हणणारे पण आहेत. दोन्ही अर्धवट आहे. ज्वारीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्या, १०० ग्रॅमला ३२० ते ३५० च्या दरम्यान. फायदा असा की भाकरीला तेल लागत नाही, चोथा चांगला असतो, चावून खावी लागते, त्यामुळं पोट भरल्याचं वेळेत कळतं. मालदांडीची भाकरी असो, जालन्याकडची दगडी ज्वारी असो, सगळी चांगली. प्रॉब्लेम आकाराचा आहे. आपली भाकरी मोठी असते, एकेका भाकरीला ८०-१०० ग्रॅम पीठ सहज जातं. एकदा किराणा काट्यावर पीठ तोला, म्हणजे आपली एक भाकरी किती आहे ते समजेल. ५० ग्रॅम पिठाची छोटी भाकरी केली तर ती १७० कॅलरीच्या आसपास. बसून काम करणाऱ्या बाईला जेवणाला अशी एक ते दीड आणि पुरुषाला दोन पुरतात, भात घेतला तर त्यातली अर्धी कमी.

पुरतात कधी, जेव्हा बाकीचं ताट भरलेलं असतं. खरी अडचण हीच की आपल्या ताटात भाकरीच सगळी जागा घेते आणि भाजी कोपऱ्यात तोंडी लावण्यापुरती असते, वरण पातळ पाण्यासारखं. हे उलटं करायचं. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कच्चं, पाव भाग घट्ट वरण नाहीतर उसळ नाहीतर अंडी-चिकन-मासे, आणि राहिलेल्या पाव भागात भाकरी. जेवायला बसलं की पहिले कच्चं खायचं, काकडी, मुळा, गाजर, कांद्याची पात, टोमॅटो, मग भाजी-वरण, आणि मग भाकरी मोडायची. हिवाळ्यात तर आपल्याकडं काय कमी आहे, मेथी, पाथरी कच्चीच भाकरीसोबत खातात, करडईची भाजी, हरभऱ्याचा पाला, चाकवत, शेपू, पावसाळ्यात तांदुळजा, घोळ. दहा-वीस रुपयांची पेंडी असते, फक्त निवडायला वेळ लागतो, तो संध्याकाळी टीव्हीसमोर बसून घरातल्या सगळ्यांनी मिळून द्यायचा, एकट्या बाईवर टाकायचं नाही.

प्रोटीनकडं आपल्या शाकाहारी घरात कुणी बघतच नाही. वजन उतरताना प्रोटीन कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायू पण जातात, मग माणूस वाळल्यासारखा दिसतो, थकतो, आणि सोडलं की वजन झपकन परत येतं. किलोमागं एक ग्रॅम धरा, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५ ग्रॅम. ते जमतं का? जमतं. दिवसभरात मिळून तीन छोट्या भाकरी म्हणजे १५ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण १३, वाटीभर मोडाची मटकी नाहीतर हुलगे ८-९, पाव किलो दही ८, मूठभर फुटाणे ६. झाले पन्नास. वर २५ ग्रॅम सोया वडी भाजीत टाकली की आणखी १३. सोयाबीन आपल्याच शेतात पिकतं, लातूरच्या मार्केटला ढिगानं येतं आणि आपण ते सगळं विकून मोकळे होतो, घरात महिन्याला किलोभर वडी तरी आली पाहिजे. अंडी खात असाल तर एका अंड्यात ६ ग्रॅम, सगळ्यात स्वस्त आणि सोपं. किडनीचा त्रास असेल त्यांनी मात्र प्रोटीन डॉक्टरांना विचारूनच वाढवायचं.

नाश्त्याला सुशीला करता तर करा, पण नुसते मुरमुरे हलके असतात, तासाभरात परत भूक लागते, म्हणून त्यात मूठभर मोड आलेली मटकी, डाळवं, भरपूर कांदा-टोमॅटो घाला. धपाटे एक-दोन दह्यासोबत, तेल सोडून न भाजता तव्याला नुसतं पुसून. मुगाची धिरडी चांगली. बाहेरचा निलंगा राईस, भजे, पुरी-भाजी हे आठवड्यातून एकदा, रोज नाही. मटण-चिकन करता तर तुकडे खा, रस्सा बेतानं, तेल सगळं त्या रश्श्यात असतं.

चौथी पायरी: रात्रीचं जेवण, आणि दोनदा खायचं का सारखं

दुकानदार माणूस रात्री दहाला शटर ओढतो, साडेदहाला पोटभर जेवतो, अकराला झोपतो. दिवसभर उपाशी राहिल्यानं त्या जेवणात तीन भाकरी सहज जातात. यावर उपाय म्हणजे सहा-सात वाजता दुकानातच फुटाणे, एखादा पेरू नाहीतर मोसंबी, ताक असं काहीतरी खायचं आणि घरी आल्यावर एक भाकरी, भाजी, वरण. जेवण आणि झोप यात दोन तास तरी ठेवा. शक्य असेल तर दुकानात डबाच मागवा आठ वाजता. आणि रात्री मोबाईल बघत फरसाणाचा डबा मांडीवर घेऊन बसणं ही सवय मोडायची असेल तर एकच मार्ग, डबा घरात आणायचाच नाही.

आता दीक्षित का दिवेकर हा वाद. डॉ. जगन्नाथ दीक्षित इथं लातूरलाच वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होते, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून त्यांनी हे पुढं नेलं, दिवसात दोनदाच जेवायचं, एक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात थोड्या थोड्या वेळानं खा, घरचं, स्थानिक खा, तुपाला घाबरू नका. आमच्या ओळखीत दोन्हीकडचे लोक आहेत आणि दोन्हींनी वजन उतरलेले आहेत, कारण शेवटी दोन्हीत दिवसभराचं एकूण खाणं कमी होतं. दोनदा जेवणं त्यांना जमतं ज्यांना अधूनमधून तोंड चाळवायची सवय आहे, त्यांचे चहा-बिस्किट-फरसाण आपोआप बंद होतात. ज्यांना भूक सहन होत नाही, ॲसिडिटी होते, ते दोनदाच्या नादात जेवणावर तुटून पडतात, त्यांनी तीनदा ठरलेल्या वेळी खावं. आणि दोनदा जेवायचं म्हणून त्या ५५ मिनिटांत जिलेबी-भजे सगळं उरकून घेणारे पण आहेत, त्यानं काही उतरत नाही. शुगरची औषधं चालू असणाऱ्यांनी दोन जेवणांचा प्रकार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये हे परत सांगते.

झोप सात तास पाहिजे. कमी झोपलं की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि गोड-तळलेलं खावंसं वाटतं, हे ज्यांना रात्रपाळी आहे त्यांना विचारा.

पाचवी पायरी: चालणं

सुरुवात जेवणानंतरच्या शतपावलीनं करा, दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं, शुगरला पण चांगलं. दोन आठवड्यांनी सकाळी २० मिनिटं, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत ४५ पर्यंत न्या, आठवड्यातले पाच दिवस. कमीत कमी आठवड्याला १५० मिनिटं झाली पाहिजेत. वेग कसा ओळखायचा, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. गप्पा मारत, थांबत, फोनवर बोलत चालणं हे फिरणं आहे, चांगलंच आहे पण वजनाला कमी पडतं. ७० किलोच्या माणसाच्या अर्ध्या तासाच्या झपाझप चालण्यात १३०-१५० कॅलरी जातात, त्यामुळं चालून आल्यावर ग्रुपनं मिळून गाड्यावर पोहे आणि भजे खायचे ही पद्धत असेल तर ती आधी बंद करा, एका प्लेटीत त्याच्या दुप्पट येतं.

आपला खरा शत्रू ऊन आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, सकाळी आठ वाजताच चटका बसतो. म्हणून मार्चपासून सकाळी साडेपाचला निघून सातच्या आत घरी, नाहीतर संध्याकाळी सातनंतर. निघायच्या आधी ग्लासभर पाणी, आल्यावर ताक मीठ-जिरं घालून नाहीतर ज्वारीची आंबील. चक्कर, मळमळ, डोकं गच्च झालं की तिथंच सावलीत बसायचं, चालत घर गाठायचं म्हणायचं नाही. छातीत दुखलं, डावा हात, जबडा भरून आला तर सरळ दवाखाना.

जागा निवडताना रहदारी नसलेली बघा. संभाजीनगरला विद्यापीठाचा परिसर आणि गोगाबाबा टेकडी आहे, परभणीला कृषी विद्यापीठाचे रस्ते, लातूरला नाना-नानी पार्क, नांदेडला गोदावरीचे घाट. चढ चढायला मिळाला तर सोनंच, पण गुडघे दुखत असतील तर टेकडी नको, सपाटीवरच चाला आणि आधी थोडं वजन उतरू द्या. खेड्यात मात्र रस्ता अंधाराचा, कुत्री, आणि साखर कारखाना चालू असला की उसाचे ट्रॅक्टर, अशात बायकांनी एकटीनं जाऊ नये, तीन-चार जणी मिळून जा किंवा शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारा. ते पण जमत नसेल, कारण सकाळी नळाला पाणी यायचंय, लेकरांचे डबे आहेत, तर गच्चीवर संध्याकाळी फेऱ्या मारा, पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी शरीर ते मोजतं. एक गोष्ट मात्र पायात, साधी स्लीपर घालून रोज ४५ मिनिटं चालू नका, टाच धरते. हजार रुपयांच्या आतले स्पोर्ट शूज साडीखाली घालायला लाजायचं काही कारण नाही.

सहावी पायरी: ताकदीचा व्यायाम, ही सोडू नका

बहुतेक जण चालण्यावर थांबतात आणि इथंच चुकतं. खाणं कमी केलं आणि नुसतं चाललं तर स्नायू झिजतात, विशेषतः चाळिशीनंतर आणि पाळी गेलेल्या बायकांचे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, अर्धा तास, एक दिवस आड. जिमची गरज नाही, आपल्या तालमीत जोर-बैठकाच तर होत्या.

बैठका अशा करा. मागं खुर्ची ठेवा, पाय खांद्याएवढे लांब, हात पुढं, खुर्चीला हलकं टेकायचं आणि टाचेवर जोर देऊन उठायचं, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. दहा-दहाचे दोन सेट, हळूहळू पंधराचे तीन. सोपं वाटायला लागलं की खुर्ची काढा. जोर जमिनीवर जमत नाहीत म्हणून कुणी करतच नाही, तर भिंतीवर सुरू करा, हात भिंतीला टेकून छाती पुढं न्यायची आणि मागं ढकलायचं, मग महिन्यानं स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. पाठीसाठी पाच लिटरचा पाण्याचा कॅन घ्या, तो भरला की पाच किलोचा होतो, कमरेत थोडं वाकून, पाठ सरळ ठेवून कॅन पोटाकडं ओढायचा, एकेका हातानं दहा वेळा. पाठीवर झोपून, गुडघे मोडून, कंबर वर उचलून धरणं, हे कंबरदुखीवाल्यांना चांगलं. आणि शेवटी दोन हातात दोन भरलेल्या बादल्या घेऊन गच्चीवर चार चकरा, हे तर आपल्या आयांनी रोज केलंय.

सूर्यनमस्कार येत असतील तर सहापासून सुरू करा आणि बारा-चोवीसपर्यंत न्या, त्यात ताणणं पण होतं आणि दम पण लागतो. पण मणक्याचा, गुडघ्याचा त्रास असेल तर शिकवणाऱ्याला विचारून. पोट कमी करायला नुसतं पोटाचे व्यायाम करणारे लई दिसतात, पण चरबी एकाच ठिकाणची काढता येत नाही, ती सगळीकडून उतरते आणि पोटाची बऱ्याचदा उशिरा, तेवढा धीर धरा.

उपवास, लग्नं आणि आमरस

चतुर्थी, एकादशी, नवरात्रात तुळजापूर-माहूर-अंबाजोगाईचे उपवास, आणि उपवासाला साबुदाणा. साबुदाणा नुसता स्टार्च, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तेल, एक प्लेट खिचडी साध्या जेवणापेक्षा जड पडते. भगर वाटीभर, सोबत दही, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर, फळ असा उपवास करा. नऊ दिवस कडक उपवास करून दसऱ्याला वसूल करणं वजनाला वाईटच. रमजानमध्ये इफ्तारला दोन खजूर, पाणी, फळं घेऊन थोडं थांबा, नमाज झाल्यावर नीट जेवा, भजे-समोसे आणि सरबतांवर पोट भरू नका, आणि सहरी चुकवू नका, त्यात अंडी, दही, डाळ असू द्या.

लग्नाच्या सीझनमध्ये आठवड्याला तीन पंगती असतात. घरून काकडी नाहीतर ताक घेऊन निघा, उपाशी जाऊ नका. बुंदी एकदाच, भजं एकच, भात थोडा, आणि आग्रह करणारा येण्याआधी ताटात थोडी भाजी ठेवूनच बसायचं, रिकामं ताट दिसलं की वाढपी सोडत नाही. आमरस वाटीभर साखर न घालता, पुरीच्या ऐवजी पोळीसोबत, त्या दिवशी भात नाही. केशर आंबा कापून खाल्ला तर आणखी चांगलं. हुरडा बिनधास्त खा, पण सोबत गूळ, रेवड्या, शेव, गोडी शेव हे ढीगभर येतं, त्यावर हात आवरा. असा एखादा दिवस जास्त झाला तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून शिक्षा करून घेऊ नका, सरळ ठरलेल्या ताटावर परत या.

वजन अडकलं तर

दोन-तीन महिन्यांनी काटा हलायचा थांबतो, सगळ्यांचा थांबतो. शरीर हलकं झालं की त्याला लागणाऱ्या कॅलरी पण कमी होतात, आणि त्याच काळात आपला हात पण सैल झालेला असतो. पहिले कंबर मोजा, ती कमी होत असेल तर काम चालू आहे, काट्याकडं बघू नका. ती पण थांबली असेल तर एक आठवडा जे तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहा, लेकरांच्या ताटातलं उरलेलं पण, कारण बायकांचं वजन तिथूनच वाढतं, अन्न वाया जाऊ नये म्हणून त्या खातात. तेलाच्या बाटल्या परत मोजा, भाकरीचं पीठ परत तोला. एवढं करून मग रोजची अर्धी भाकरी कमी नाहीतर चालण्यात दहा मिनिटं जास्त, दोन्ही एकदम नको.

ठरलेलं वजन आलं की भाकरी अर्धी-अर्धी करत वाढवा आणि दोन आठवडे थांबून काटा बघा, वाढत नसेल तर तीच तुमची कायमची मात्रा. आठवड्याचं वजन करणं चालूच ठेवा, आणि दोन किलो वर गेलं की पुढच्या सणाची वाट न बघता त्याच सोमवारी बाटल्या परत भरून डबा माळ्यावर टाका.